कडक श्रद्धेचं बचत खातं

माणसाने आपला पैसा आपल्या धर्माच्या मार्गाला लावावा, असं माझं पहिल्यापासून मत आहे. हे मत आपल्याला आहे, हे मात्र मला निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात कळलं. एका मंगळवारी सकाळी वर्तमानपत्रातून एक पत्रक खाली पडलं. त्यावर ठळक अक्षरांत प्रश्न होता : 'तुमचा पैसा तुमच्या माघारी काय करतो, हे तुम्हाला माहीत आहे का?'

मला माहीत नव्हतं, आणि ते मला फार लागलं. मी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. कुणाच्या तराजूत पाच ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी मी दुकानाला टाळं ठोकायचो. आणि माझी स्वतःची पुंजी बँकेत बसून काय उद्योग करते, याची मी एकदाही चौकशी केली नव्हती! आता केली. जुन्या बँकेने माझ्यासारख्यांच्या ठेवींतून एका दारूच्या कारखान्याला कर्ज दिलं होतं. एका जुगाराच्या क्लबलाही दिलं होतं. आणि आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहणारा भाडेकरू दर रविवारी सकाळी जे ड्रम बडवतो, तेही त्याच बँकेच्या कर्जावर घेतलेले. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःच्या पैशाने स्वतःची झोप मोडून घेत होतो.

"मी बँक बदलतोय," मी बायकोला सांगितलं. "आपल्या मूल्यांशी जुळणारी बँक निघाली आहे."

"आपली मूल्यं म्हणजे कोणती हो?" ती गुडघ्याला तेल चोळत होती.

"धार्मिक."

"ती कधीपासून?"

असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

बायकोच्या गुडघ्याचं इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून घडलं. तिचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. सपाट जमिनीवर चालायची, पण जिना दिसला की संपलं. तिची थोरली बहीण मागच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहते. थोरलीला दम्यामुळे उतरता येत नाही, धाकटीला गुडघ्यामुळे चढता येत नाही, आणि इमारतीला लिफ्ट नाही. फोनवर बोलणं दोघींनाही पटत नाही. म्हणून बायको रोज साडेपाचला खाली अंगणात उभी राहायची, थोरली वर गॅलरीत यायची, आणि दोघी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे ओरडायच्या. माझं पोट कधी साफ होतं आणि कधी नाही, हे त्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा तोंडपाठ आहे. सव्वा वर्षात या दोघींनी एकमेकींच्या हाताला हात लावला नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती वीस. त्याचे पैसे माझ्या पुंजीत होते.

"ऑपरेशनपुरते तरी जुन्या बँकेत राहू द्या," बायको म्हणाली.

"धर्मात अर्धवटपणा चालत नाही," मी म्हणालो, आणि सगळेच्या सगळे काढले.

मूल्यनिष्ठ बँकेची शाखा दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. 'पायऱ्या चढणे ही पहिली साधना होय', अशी पाटी लावून तो प्रश्न मिटवलेला होता. आत प्रत्येक धर्मासाठी वेगळी खिडकी, खिडकीसमोर वेगळी सतरंजी, आणि शांतता राखण्याची विनंती. पेन मात्र इथेही दोरीने बांधलेलं. मी चौकशी केली, की सगळ्या खिडक्यांचे पैसे मागे एकाच तिजोरीत जातात का.

"तिजोरी ही तांत्रिक बाब आहे, काका," श्रद्धा-अधिकारी म्हणाले. हे तिशीतले, गोड चेहऱ्याचे, सदा हसतमुख गृहस्थ. कुठल्याही वाईट बातमीआधी ते 'काका' म्हणत, हे मला पुढे कळलं.

बँकेची भाषाच वेगळी होती. व्याजाला 'सद्भाववृद्धी' म्हणायचं. दंडाला 'प्रायश्चित्त'. आधी निधीशुद्धी झाली, म्हणजे माझा पैसा आला कुठून याची तपासणी. मी अभिमानाने सांगितलं, की माझा पगार सरकारी. अधिकाऱ्यांनी विचारलं, सरकारकडे कुठून आला? मी म्हणालो, आमचं खातं दंड वसूल करायचं. दंड कुणाकडून? काटा मारणाऱ्यांकडून. "म्हणजे जितकं पाप जास्त, तितका आपल्या खात्याला पैसा जास्त," असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि चौतीस वर्षांच्या पापसंसर्गाबद्दल प्रायश्चित्त कापून घेतलं. मी दिलं. म्हटलं, सुरुवातीलाच हिशेब चोख झालेला बरा.

मग एकोणीस पानी फॉर्म. धर्म, पंथ, उपपंथ, उपपंथात मतभेद असल्यास बाजू. प्रश्न एकतीसमध्ये विचारलं होतं, 'शरीर नश्वर आहे, हे आपणांस मान्य आहे काय?' मी 'होय' लिहिलं. कागदावर नश्वर मानायला आपलं काय जातं? शेवटच्या पानावर श्रद्धेचा गट निवडायचा होता : सौम्य, मध्यम किंवा कडक. चहा विचारावा तसं. मी 'कडक'वर खूण केली. का केली, ते इथे महत्त्वाचं नाही.

"पुन्हा विचार करा, काका. कडक गट म्हणजे जबाबदारी असते."

"साहेब, मी वजनमापे खात्यातला माणूस आहे. माझ्या आयुष्यात सैल असं काहीच नाही."

त्यांनी शिक्का मारला. मी जिना उतरलो तेव्हा मला खरोखर पुण्यवान वाटत होतं. घरी येऊन बायकोला पासबुक दाखवलं. त्याच्या मुखपृष्ठावर दोन हात जोडलेले होते.

बारा तारखेला मी पैसे काढायला गेलो. स्लिपवर रकमेखाली 'प्रयोजन' असा रकाना होता. मी लिहिलं, 'गुडघा'.

अधिकाऱ्यांनी स्लिप वाचली, फॉर्म काढला, चाळला, आणि हसले.

"काका, प्रश्न एकतीसला आपण काय उत्तर दिलंय?"

"शरीर नश्वर आहे."

"मग नश्वर वस्तूच्या दुरुस्तीवर आपला श्रद्धाळू पैसा कसा खर्च होऊ द्यायचा? आपल्या मूल्यांचं रक्षण करणं हे आमचं कर्तव्य आहे. आपणच सोपवलंय."

"अहो, गुडघा बायकोचा आहे!"

"तिचं शरीरही नश्वरच धरलं जातं. संयुक्त खातं आहे."

मी विचारलं, मग कडक गटवाल्याला पैसे काढता येतात तरी कशासाठी? त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. सौम्य गटाला दात, डोळे, गुडघे, सगळं चालतं. मध्यम गटाला दात आणि डोळे. कडक गटाला अंत्यविधी.

"त्याला मात्र त्याच दिवशी पैसे मिळतात," ते आपुलकीने म्हणाले. "रांगेतसुद्धा उभं राहावं लागत नाही."

मी म्हणालो, ठीक आहे, मला सौम्य गटात टाका. त्यांनी 'श्रद्धा-अवनती अर्ज' पुढे सरकवला. श्रद्धा कमी झाल्याचा पुरावा जोडणं आवश्यक होतं. पुरावा म्हणजे एक पाप. मागच्या पाच वर्षांतलं, सिद्ध होण्याजोगं, पण कायद्याने गुन्हा ठरणारं नको, कारण गुन्हेगारांना बँक खातं देत नाही.

झालं! आयुष्यभर लोकांची पापं शोधणारा मी, आता स्वतःचं एखादं मिळतंय का म्हणून खिसे चाचपू लागलो. मी आवाज खाली करून सांगितलं, की एकदा एका दुकानदाराचा बावीस ग्रॅम कमी भरणारा काटा मी पास केला होता. त्याने मला थंडीत एक स्वेटर दिला होता.

"कोणत्या साली?"

मी साल सांगितलं.

"मुदतबाह्य. पाप जुनं झालं की ते अनुभवात मोडतं."

"मला अहंकार आहे," मी म्हणालो. "भयंकर आहे. कुणालाही विचारा."

"कडक गटात तो असतोच, काका. तो आम्ही मोजत नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, त्यांच्या दोरीवाल्या पेनाचा उद्धार केला, त्यांच्या सतरंज्यांचा केला, आणि शेवटी सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, की देवाधर्माच्या नावावर दुकान मांडलंय तुम्ही, लाज नाही वाटत? आणि अर्जावर 'क्रोध' लिहून त्यांच्यापुढे फेकला.

अधिकारी उठून उभे राहिले. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"धर्माच्या रक्षणासाठी आलेला क्रोध! काका, असा ग्राहक वर्षातून एखादाच मिळतो." आणि मी हां हां म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या पासबुकावर 'अतिकडक' असा शिक्का मारला. तो गट तक्त्यावर नव्हता. तो फक्त निमंत्रणाने मिळतो. अतिकडक गटाला अंत्यविधीचेही पैसे मिळत नाहीत, कारण त्यांच्या मते मृत्यू हा शेवट नसतो. त्यामुळे खातंही बंद होत नाही, आणि वारसाचा प्रश्नच उद्भवत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला एक कॅलेंडर मिळालं.

कॅलेंडर घेऊन मी घरी आलो. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बायकोला सगळं सांगताना मी आधी बँकेला शिव्या दिल्या, मग अधिकाऱ्यांना, मग त्या पत्रकाला. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं.

"मला काही पळायचं नाहीये हो," ती म्हणाली. "ताईच्या पलंगावर जाऊन एकदा तिच्याशेजारी बसायचंय. तिला मागच्या महिन्यात दम लागला, तेव्हा मी खाली उभी राहून नुसती ओरडत होते. पाठीवरून हात फिरवायला कुणी नव्हतं तिच्या."

मला लाज वाटली. चौतीस वर्षांत कुठल्या दुकानदाराला वाटली नसेल एवढी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेकडून नियमावली मागून आणली आणि डोळ्यांत तेल घालून वाचली. नियम हे माझं क्षेत्र. पान एकशे बाराला सापडलं : 'लोभ सिद्ध झाल्यास ग्राहक, त्याचा गट कोणताही असो, थेट सौम्य गटात येईल. मात्र ग्राहकासोबत एकाच छपराखाली राहणाऱ्या व्यक्तीची तोंडी साक्ष आवश्यक. साक्ष शाखेत स्पष्ट ऐकू आली पाहिजे.'

मी अधिकाऱ्यांना जाऊन विचारलं, की लोभालाच एवढी शिक्षा का?

"लोभाच्या बाबतीत आम्ही फार कडक आहोत, काका. बँक आहे ना."

"पण माझी बायको दोन जिने चढू शकत नाही. चढली असती तर हा प्रश्नच आला नसता."

"मग नाइलाज आहे. साक्ष शाखेत..."

"ऐकू आली पाहिजे," मी बोट ठेवून वाचलं. "साक्षीदार शाखेत असला पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

त्यांनी तीनदा वाचलं. वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठांनीही तीनदा वाचलं असावं, कारण फोन बराच वेळ चालला. शेवटी रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून साक्ष घ्यायचं ठरलं. तारीख सतरा, सकाळी अकरा.

आता उरलं बायकोला विचारणं. मी पाण्याचा तांब्या भरून दिला, उशी नीट केली, आणि म्हणालो, "मी लोभी आहे असं तुला सांगावं लागेल. चारचौघांत."

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

"थोडक्यात सांग हं."

"बघते."

सतरा तारखेला मी वर शाखेत, खिडकीशी. शेजारी अधिकारी कागद घेऊन. खाली रस्त्यावर बायको, छत्रीचा आधार घेऊन उभी. समोर भाजीवाले, रिक्षांची रांग, न्हाव्याच्या दुकानाबाहेर वाट बघत बसलेली माणसं. अधिकाऱ्यांनी खिडकीतून वाकून सौजन्याने विचारलं, "काकू, आपले यजमान लोभी आहेत काय?"

सव्वा वर्ष तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज पोचवणाऱ्या बाईला दुसरा मजला म्हणजे काय!

"आहेत काय म्हणजे?" ती गरजली. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली. "साबणाच्या उरलेल्या चिपट्या एकीला एक चिकटवून नवीन वडी करतात! पाहुण्यांसमोर बिस्किटांचा डबा उघडताना झाकण अर्धंच उघडतात! स्वतःच्या लग्नात हार परत करता येईल का, असं हारवाल्याला विचारलं होतं यांनी!"

"काकू, बँकेशी संबंधित सांगा," अधिकारी म्हणाले.

"तेच सांगतेय. ते पत्रक आलं ना, त्यातली देवाधर्माची एक ओळ वाचली नाही यांनी! भिंग आणलं आणि खालची बारीक अक्षरं वाचली. कडक गटाला अर्धा टक्का जास्त! मी म्हटलं, अहो, देव काय त्या जुन्या बँकेत नाही? तर मला म्हणतात, देव सगळीकडे आहे, पण अर्धा टक्का फक्त तिथेच आहे!"

रस्त्यावर चिटपाखरूही हललं नाही. मी खाली मान घालून सतरंजीची वीण मोजत होतो. शाखेत मागे चारही खिडक्यांपुढे रांगा होत्या, चार धर्मांच्या. त्या सगळ्या रांगांतली माणसंही खाली मान घालून आपापल्या सतरंजीची वीण बघत होती. चार धर्मांमध्ये एवढं एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"लोभ सिद्ध झाला," अधिकारी म्हणाले, आणि शिक्का उचलला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आधी न्हावी आला, हातात कात्री तशीच. त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक. मग भाजीवाले, मग रिक्षावाले, मग एक म्हातारे गृहस्थ, जे मधल्या पायरीवर बसून दम खात ओरडत होते, "माझा नंबर धरा हो!" सगळ्यांना कडक गटाचे फॉर्म हवे होते. न्हाव्याने धर्माच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, की कुठल्या धर्माला टक्का जास्त मिळतो. दीड तासात फॉर्म संपले. अधिकाऱ्यांनी खिडकीतून बायकोला हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "काकू दर सोमवारी येऊ शकतील का?"

अवनतीचं प्रायश्चित्त कापून उरलेले पैसे मला त्याच दिवशी मिळाले. प्रयोजनाच्या रकान्यात मी पुन्हा 'गुडघा' लिहिलं आणि कुणी चकार शब्द काढला नाही. वीस तारखेला ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते. गुडघा आता काटेकोर वाकतो, मी कोनमापक लावून पाहिलाय.

अडीच महिन्यांनी बायको बहिणीकडचे तीन जिने चढली. चोपन्न पायऱ्या, प्रत्येक वळणावर थोडं थांबून. मी मागे होतो, पडली तर धरायला. थोरली दारात उभी होती. दोघी काही बोलल्याच नाहीत. पलंगावर जाऊन शेजारी बसल्या, हातात हात घेतले, आणि माझ्या बायकोने बहिणीच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. मला तिथे उभं राहवेना. मी खाली आलो. साडेपाच वाजले होते. इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून वर गॅलरीकडे बघत होता.

"आज काही ऐकू येत नाही?" त्याने काळजीने विचारलं.

"आजपासून येणार नाही," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला.

जुन्या बँकेत मी परत गेलो नाही. पळसाला पानं तीनच. सौम्य गटात बरा आहे. अर्धा टक्का गेला त्याचं दुःख दर तीन महिन्यांनी, पासबुक भरून आणलं की होतं. मग गॅलरीकडे बघतो आणि ते उतरतं. बरंचसं.

तुम्ही हे वाचून हसला असाल. हसा, माझी हरकत नाही. पण बायको खालून ओरडली आणि 'अर्धा टक्का जास्त' हे शब्द आले, तिथे तुमची नजर क्षणभर अडखळली, आणि तुमच्या बँकेचा दर तुम्ही मनातल्या मनात शेजारी ठेवून पाहिलात. नाही म्हणू नका. चौतीस वर्षं तराजू तपासलेत मी, काटा कुठे हलतो ते मला बरोबर दिसतं. लाजायचं काही कारण नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही. कडक गटाची रांग डावीकडे आहे, आणि सध्या ती खालच्या रस्त्यापर्यंत येते. पेन आपलं न्या.